वरचं खोकं बंद करून पाहताना

मी संशयी आहे. हे दूषण म्हणून सांगत नाही, नोकरीतली पात्रता म्हणून सांगते. घराला कुलूप लावलं की ते ओढून पाहते, जिना उतरते आणि परत वर जाऊन ओढून पाहते. भाजीवाल्याने "एकदम ताजी है" म्हटलं की माझा पुढे गेलेला हात मागे येतो. माझं माहेर धारचं. आमचे पूर्वज संस्थानाच्या खजिन्यावर होते, आणि खजिन्यावरच्या माणसाने डोळे मिटून कोणावर विसंबून कसं चालेल? संस्थान गेलं, खजिना गेला, संशय तेवढा वारसाहक्काने माझ्यापर्यंत पोचला.

देवासला सून म्हणून आले आणि इथल्याच एका मोठ्या खासगी रुग्णालयात कॉम्प्युटर विभागात लागले. तिथूनच गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या मराठी समाजाच्या अंकासाठी लिहायला सांगताना संपादकांनी एकच अट घातली, की वाचणाऱ्याला कळेल असं लिहा. अट योग्यच आहे. धारची आत्या अजून शेजारणींना सांगते, "आमची वैशाली दवाखान्यात टायपिंग करते." मी तिला पुष्कळदा समजावलं. ती सगळं शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "म्हणजे टायपिंगच ना गं?"

तर आत्या, हे पुन्हा एकदा तुझ्यासाठी.

रुग्णालयात केसपेपरचा कॉम्प्युटर असतो, औषधांचा असतो, रक्तपेढीचा असतो, तपासण्यांच्या रिपोर्टांचा असतो. लोकांना वाटतं, ती प्रत्येक टेबलावरची वेगवेगळी यंत्रं. टेबलावर दिसते ती नुसती खिडकी. खरं काम तळघरातल्या एका थंड खोलीत चालतं. तिथे लोखंडी मांडणीत तीन दणकट यंत्रं असतात आणि त्या तिघांत मिळून डझनावारी खोटे कॉम्प्युटर राहतात. खोटे म्हणजे हाताला न लागणारे, काम मात्र खऱ्यासारखं करणारे. तीन घरं आणि त्यांत पुष्कळ बिऱ्हाडं, असं समज. गंमत अशी, की एखादं घर दुरुस्तीला काढायचं असेल तर त्यातली बिऱ्हाडं चूल न विझवता शेजारच्या घरात हलवता येतात. वर केसपेपर लिहिणाऱ्या मुलीला पत्ताही लागत नाही.

हे जमतं, कारण बिऱ्हाडांचं सामान त्या घरांत नसतंच. ते सगळं एका वेगळ्या गोदामात असतं. आमच्या भाषेत स्टोरेज. प्रत्येक घरातून गोदामाकडे दोन वाटा, म्हणजे दोन तारा. एक तार वरच्या खोक्यातून जाते, दुसरी खालच्या. या खोक्यांना स्विच म्हणतात. एक खोकं बिघडलं तरी दुसऱ्यातून ये-जा चालू राहावी म्हणून ही दुहेरी व्यवस्था. दोन्ही वाटा एकदम बंद झाल्या, की सामानावाचून बिऱ्हाडं जागच्या जागी गोठतात आणि वर रुग्णालयात माणसं एकमेकांवर ओरडू लागतात.

माझं काम या वाटा राखण्याचं. म्हणजेच त्यांच्यावर संशय घेण्याचं.

संशय घरी बसून घेता येत नाही, हे मला लोहारदा नावाच्या गावाने शिकवलं. तिथे आमचं रक्ताचे नमुने गोळा करण्याचं केंद्र होतं, भाड्याच्या जागेत. त्याचा देवासशी असलेला संपर्क उन्हाळ्यात दुपारी हमखास तुटायचा आणि संध्याकाळी आपोआप जुळायचा. इंटरनेट कंपनीचा माणूस फोनवर रोज नवं कारण द्यायचा. शेवटी मी बस धरली आणि भर दुपारी गच्चीवर जाऊन उभी राहिले. घरमालकीणबाई आमची सिग्नल पकडणारी तबकडी भिंतीकडे वळवून ठेवत होत्या. तिची सावली त्यांच्या पापडांवर पडत होती. "शाम को वापस घुमा देती हूँ ना," त्या म्हणाल्या. त्यात लपवाछपवी काही नव्हती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

आता मुख्य हकीकत. यात माझ्याखेरीज दोनच माणसं महत्त्वाची. एक कर्णिक साहेब, आमचे प्रशासक. माझ्या यजमानांचे स्नेही, म्हणून मला वहिनी म्हणत. दुसरा राजू, तारा ओढणारा, खोकी बसवणारा आमचा तंत्रज्ञ. तो कंत्राटावर होता. पत्र्याची शिडी खांद्यावर टाकून चालायचा आणि सगळं रुग्णालय त्याला राजूभिया म्हणायचं. मला तो दीदी म्हणे.

त्या वर्षी दिवाळी सरून कामकाज रुळावर आलं होतं. एका सकाळी वरचं खोकं अडकलं. अशी खोकी कधीमधी अडकतातच. त्यासाठीच तर दुसरं ठेवलेलं असतं. पण त्या दिवशी तीनपैकी दोन यंत्रांच्या दोन्ही वाटा गेल्या. उरलेल्या एकट्याला सगळ्यांचा संसार पेलवेना. अर्धी सकाळ रुग्णालय हातांनी चाललं. उदयनगरकडून आणलेली एक बाळंतीण शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती आणि रक्तपेढीत तिच्या गटाच्या पिशव्या कुठल्या कप्प्यात आहेत हे सांगणारा कॉम्प्युटर गप्प होता. पेढीतल्या मुलींनी शीतकपाट उपसून पिशव्या शोधल्या. बाई वाचली. तिचा नवरा जिन्यात डोकं धरून बसला होता, तो मला अजून दिसतो.

आम्ही खोकं बंद करून चालू केलं आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं. इंदूरच्या एजन्सीचा इंजिनिअर आला. त्याने पडदा पाहिला. प्रत्येक यंत्राला दोन वाटा, दोन्ही हिरव्या. "सिस्टम में तो कुछ नहीं है मॅडम," तो म्हणाला. "किसी ने तार खींचा होगा."

एवढं त्याचं वाक्य कर्णिक साहेबांना पुरलं. त्या सकाळी खोलीची किल्ली राजूकडे होती. आठवड्यापूर्वी त्याने कायम करण्याबद्दल विचारलं होतं, साहेबांनी नाही म्हटलं होतं आणि तो दार जरा जोरात लावून गेला होता.

"वहिनी, हे सरळ आहे," साहेब मला म्हणाले. "रागाच्या भरात त्याने तारा ओढल्या."

"दोन यंत्रांच्या चार तारा एकाच क्षणी गेल्यात साहेब. त्याला हात दोनच आहेत."

"मग काहीतरी युक्ती केली असेल. तुम्ही साध्या आहात."

मला आयुष्यात साधी म्हणणारा हा एकच माणूस. पुढे त्यांनी आपला बेत सांगितला. गोदामाकडे जाणाऱ्या वाटा तशाही बदलायच्या होत्या. यंत्राला तार जिथे लागते ती जुनी नेटवर्क कार्डं मंद झाली होती, त्यांच्या जागी नवी वेगवान कार्डं येऊन पडली होती. हे काम रुग्णालय एक क्षणही बंद न ठेवता करायचं होतं. साहेबांचं म्हणणं असं, की काम नीट पार पडलं तर यंत्रणेत दोष नव्हता हे ठरलं, म्हणजे दोष राजूचा, त्याला काढू. काम बिघडलं तर त्यानेच पुन्हा काही केलं, तरीही काढू. राजूच्या घरी बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले वडील. त्याची नोकरी दोन्ही बाजूंनी गेल्यातच जमा होती. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण रुग्णालयात न सांगता सगळं कळतं.

आणि मी? माझा साहेबांवर संशय होताच, की त्यांना लवकर कोणीतरी दोषी हवा आहे. इंजिनिअरवर होता, की तो पडद्यापलीकडे पाहत नाही. हिरव्या दिव्यांवर तर मी कधीच भरवसा ठेवला नाही. पण खरं सांगते, राजूवरही होता. कारण त्या दिवसांत तो रोज जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायचा. कँटीनमध्ये नसे, गेटवर नसे. एकदा मी त्याला तळघराच्या जिन्याकडे वळताना पाहिलं. आधी त्याने मागे वळून पाहिलं आणि मग उतरला. एरवी मला पाहून फार तर बिडी लपवणारा हा माणूस असा चोरासारखा का वागतोय, हे माझ्या मनातून जाईना. रात्री यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला माझ्यावरही संशय असतो. झोप."

इंदूरच्या इंजिनिअरने योजना पाठवली. पहिलीच पायरी अशी: वरचं खोकं बंद करा, खालच्यावर सगळं चालेल, तेवढ्यात वरच्या तारा नव्या कार्डांवर घेऊ. कागदावर अगदी बरोबर होती. पण दिवाळीनंतर वरचंच खोकं गेलं होतं आणि खालच्यावर सगळं चाललं नव्हतं. का चाललं नव्हतं हे मला कळल्याशिवाय मी त्या योजनेवर सही करणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चपला जिन्यातच काढल्या, हळूच उतरले आणि दार एकदम उघडलं.

खोलीत कोणी दिसलं नाही. पंख्यांचा घरघराट नेहमीसारखा होता. त्यात डाळीचा वास मिसळलेला होता. मी मांडणीला वळसा घालून मागच्या अंगाला गेले. तिथे अरुंद फट आहे, काम असल्याशिवाय कोणी शिरत नाही. राजू पाठ भिंतीला टेकून खाली बसला होता. मांडीवर डबा, डब्यात दाल-बाफले आणि गार हवा थेट अंगावर.

"दीदी!" त्याने हातातला घास डब्यात ठेवला. "ऊपर सब ऐसे देखते हैं जैसे मैंने किसी को मार दिया. यहाँ कोई नहीं देखता."

सर्व्हरच्या खोलीत खाणं म्हणजे आमच्याकडे महापाप. मी त्याला झापायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण माझं लक्ष त्याच्या डोक्याच्या वर गेलं होतं. यंत्रांच्या मागच्या तारा. मी त्या बसवून घेतल्या तेव्हा त्या एकमेकींवरून गेल्या होत्या. प्रत्येक यंत्राची एक तार वर, एक खाली, त्यामुळे मध्ये सगळा गुंता. दिसायला गबाळा, पण तोच तर जीव वाचवणारा. आता तिथे गुंता नव्हता. सुरेख भांग पाडावा तशा तारा सरळ गेल्या होत्या. वरच्या दोन यंत्रांच्या चारही तारा वरच्या खोक्याला, खालच्या यंत्राच्या दोन्ही खालच्या खोक्याला. मध्ये मध्ये लाल-पिवळा कलावा, म्हणजे पूजेचा दोरा बांधून त्यांच्या जुड्या केलेल्या.

दोन वाटा होत्या, पण एकाच पुलावरून जाणाऱ्या. पडदा बिचारा खरंच सांगत होता: वाटा दोन आणि दोन्ही चालू. आणि दोन्ही खोकी आपसात जोडलेली असल्यामुळे तार चुकीच्या खोक्यात लावली तरी ती मुकाट चालते. दोन्हींचा पूल एकच आहे का, हे पडद्याला कोणी विचारलं नव्हतं. योजनेतली पहिली पायरी आम्ही केली असती, तर दोन यंत्रं पुन्हा गोठली असती.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

राजूचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याच्या कामाबद्दल विचारत होतं. "मैंने दीदी! नवमी को. आप धार गई थीं ना."

मी दर नवरात्रात माहेरी असते. इकडे रुग्णालयात खंडेनवमीला शस्त्रक्रियेच्या हत्यारांपासून लिफ्टच्या मोटारीपर्यंत सगळ्याची पूजा होते. ही प्रथा आमच्या मराठी मंडळींनी रुजवली आणि बाकीच्यांनी आनंदाने उचलली. त्या वर्षी विश्वस्त येणार होते. कर्णिक साहेबांनी राजूला सांगितलं होतं, की पूजेआधी खोली लखलखीत दिसली पाहिजे, मागचं ते जंजाळ नीट कर. राजूने एकेक तार काढली, ओल्या फडक्याने पुसली, कोरडी केली आणि सरळ दिसेल अशी लावली. एका वेळी एकच काढली, म्हणून काही बंद पडलं नाही. मग कलावा बांधला, हळदकुंकू वाहिलं. विश्वस्त खूश झाले. साहेबांनी स्वतः नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

"अच्छा लग रहा है ना दीदी?" राजू विचारत होता.

मी त्याच्याजवळ खालीच बसले. वरचं खोकं, खालचं खोकं, गुंता का होता, हे सगळं त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "तो वो बाई... उदयनगर वाली..." एवढंच म्हणाला आणि डबा झाकून ठेवला. त्या माणसावर मी संशय घेतला याची मला त्या क्षणी लाज वाटली. पण संशय घेतला नसता तर मी त्या फटीत शिरलेही नसते.

मी तडक साहेबांकडे गेले. राजूला बरोबर नेलं. सगळं सांगितलं, पूजेचं आणि नारळाचंही. साहेबांनी पेपरवेट फिरवला.

"पण तारा लावल्या त्यानेच ना?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी नीट करायला सांगितलं, उपटायला नाही सांगितलं." मग राजूकडे न बघता म्हणाले, "काम आधी पार पडू दे. त्याचं नंतर बघू."

हे 'नंतर बघू' मला ओळखीचं होतं. त्यात कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

योजना मी पुन्हा लिहिली. असली कामं रात्री करण्याची पद्धत आहे. मी रविवारची दुपार मागून घेतली. रात्री बिघडलं तर उठवायचं कोणाला? आणि प्रत्येक तार राजूच लावेल, असं लिहिलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, त्या फटीत माझं शरीर धड मावत नाही. ते खरंही होतं.

काम तसं साधं, फक्त घाई करायची नाही. एका यंत्रातली बिऱ्हाडं शेजारी हलवली. रिकाम्या यंत्रात नवं कार्ड बसवलं. त्याची एक तार वर, एक खाली, मुद्दाम एकमेकींवरून, गबाळी. नवी वाट गोदामापर्यंत पोचते की नाही ते पाहिलं, मगच जुनी काढली. मग एक तार ओढून पाहिली, दुसरी ओढून पाहिली. बिऱ्हाडं परत आणली. मग दुसरं यंत्र, मग तिसरं. वर वॉर्डात दुपारची औषधं वाटली जात होती. राजू दर तारेला माझ्याकडे पाहायचा, "लगाऊँ?" विचारायचा, आणि मी हो म्हटल्यावरच लावायचा. पूर्वी त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

उरली शेवटची परीक्षा. सगळं चालू असताना वरचं खोकं खरोखर बंद करून पाहायचं. इंजिनिअर म्हणाला, "ज़रूरत नहीं है मॅडम, सब ग्रीन है." मी म्हटलं, "ग्रीन तो पिछली बार भी था." कर्णिक साहेब मुद्दाम खाली आले होते. खोक्याचं बटण त्यांच्या हाताजवळच होतं.

"दबा दो भिया," इंजिनिअर राजूला म्हणाला.

राजूने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मैं नहीं दबाऊँगा. कुछ हुआ तो बोलेंगे इसी ने किया."

साहेबांनी स्वतः हात पुढे केला. बोट बटणापर्यंत गेलं. वर अतिदक्षता विभाग होता, रक्तपेढी होती. बोट तिथेच थांबलं आणि मागे आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सहज दाबलं असतं. पण मी हाताची घडी घालून उभी राहिले. मी दाबलं असतं तर काम झालं असतं आणि राजूचं 'नंतर' तसंच राहिलं असतं.

"राजू, तू दाब," शेवटी साहेब म्हणाले.

"सबके सामने बोलो साब, कि आपने बोला."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "मी सांगतोय. सगळ्यांसमोर. तारा तू लावल्यास, माझा भरवसा आहे. दाब. काही झालं तर ते माझ्यावर."

राजूने बटण दाबलं. वरच्या खोक्याचे सगळे दिवे गेले.

आणि काहीच झालं नाही. तिन्ही यंत्रांचे पंखे त्याच लयीत घरघरत राहिले. पडद्यावर प्रत्येक यंत्राची एक वाट लाल झाली, एक हिरवी राहिली. आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं यश हे असं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. मी तरीही रक्तपेढीत फोन लावला. "सब चल रहा है?" तिथली मुलगी घाबरली. "हाँ मॅडम, क्यों? कुछ बंद होने वाला है क्या?"

साहेब जाताना दारात थांबले. "राजू, उद्यापासून नेहमीसारखा ये," म्हणाले. "कायम करण्याचं मी वर बोलतो." एवढं बोलून गेले. ते वर बोलले का, याची मी पुढे दोनदा खात्री करून घेतली. बोलले होते.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. राजू जुनी कार्डं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होता.

"दीदी, आपने भी सोचा था ना, कि मैंने गुस्से में खींचे?"

खोटं बोलणं मला जमलं नाही. "हो, सोचा था."

"साब ने भी सोचा." त्याने खोक्याला चिकटपट्टी लावली आणि ते खांद्यावर घेतलं. "पर आप देखने आईं. साब तो एक पूजा के दिन आए थे, और फिर आज."